अर्धे बटण : पाण्याच्या बचतीचे एक दुर्लक्षित दार

(भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत शहरांतील इमारतींप्रमाणेच खेड्यांतील घरे, शाळा, आरोग्य केंद्रे आणि पंचायतींची कार्यालये येथेही शौचकूपावर दोन बटणांची फ्लशची टाकी दिसू लागली आहे. टाकीच्या झाकणावर दोन बटणे असतात. त्यांपैकी लहान बटण अर्ध्या फ्लशचे व मोठे बटण पूर्ण फ्लशचे. मूत्रविसर्जनानंतर लहान बटण दाबावे, शौचानंतर मोठे दाबावे, एवढाच तिचा नियम. पण ज्या ज्या ठिकाणी ही टाकी बसली, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी थोड्याच महिन्यांत एक तक्रार ऐकू येऊ लागते. मोठे बटण बरे चालते, लहान बटण मात्र दाबले की पाणी नुसते पाझरते. मग घरातील माणसे लहान बटणाचा नाद सोडून देतात. ते तेथे असून नसल्यासारखे होते.

ही तक्रार क्षुल्लक वाटते. घरात त्याहून मोठ्या अडचणी असतात आणि शौचकूपाविषयी चारचौघांत बोलण्याचा संकोचही असतो. परंतु अर्धे बटण दुबळे झाले म्हणजे केवळ एक सोय कमी होते, असे नाही. ज्या पाण्यासाठी धरणे बांधली, नळ घातले, पंप बसविले, ते पाणी त्या दुबळ्या बटणामुळे दुपटीने वाहून जाते. दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा एका पेचकसाने आणि अर्ध्या तासात होण्यासारखी असते. या दोन गोष्टी नीट ध्यानात याव्यात, एवढाच या भाषणाचा उद्देश आहे.

हिशेब काय सांगतो

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. त्या योजनेत ग्रामीण भागातील प्रत्येक माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला या मानाने २७५ लिटर पाणी मिळते. पिणे, स्वयंपाक, स्नान, कपडे, भांडी आणि शौचकूप हे सर्व एवढ्यात भागवावयाचे आहे.

आता असे समजू की, घरातील प्रत्येक माणूस दिवसातून पाच वेळा शौचकूपाचा वापर करतो. त्यांत एकदा पूर्ण फ्लशची गरज असते आणि चार वेळा अर्ध्याची. जुन्या पद्धतीची एकेका वेळेस १० लिटर पाणी सोडणारी टाकी असेल, तर पाच माणसांचे दिवसाचे पाणी होते २५० लिटर. म्हणजे घराच्या वाट्याचे जवळजवळ सारे पाणी संडासातच संपले! ६ लिटरची एकाच बटणाची टाकी असेल, तर १५० लिटर लागतात. पूर्ण फ्लशला ६ आणि अर्ध्याला ३ लिटर देणारी दोन बटणांची टाकी नीट चालत असेल, तर लागतात फक्त ९० लिटर.

पण अर्धे बटण दुबळे असेल तर काय होते? काही माणसे ते दोनदा दाबतात. मग खर्च पुन्हा १५० लिटरवर येतो आणि दोन बटणे घेऊन पदरात काही पडत नाही. दुसरी काही माणसे आधी लहान बटण दाबून पाहतात, काम झाले नाही म्हणून टाकी भरताच मोठे दाबतात. अशा वेळी ३ अधिक ६ मिळून ९ लिटर जातात आणि दिवसाचा खर्च २१० लिटर होतो. पाण्याची बचत व्हावी म्हणून आणलेली टाकी साध्या एका बटणाच्या टाकीपेक्षाही अधिक पाणी खाऊ लागते. नीट चालणारे बटण आणि बिघडलेले बटण यांत रोजचा फरक १२० लिटरांचा, महिन्याचा ३,६०० लिटरांचा.

शाळेचा हिशेब याहून सोपा आहे. १०० मुलांनी दिवसातून एकेकदा अर्धा फ्लश वापरला, तर ३०० लिटर पाणी लागते. तेच बटण बिघडलेले असेल आणि प्रत्येकाने त्यामागून मोठे बटण दाबले, तर ९०० लिटर लागते. शाळेची छतावरील टाकी दुपारपूर्वीच रिकामी होते आणि मधल्या सुटीनंतर मुलींचे स्वच्छतागृह पाण्यावाचून बंद ठेवावे लागते. बटणाच्या दुखण्याचा ताप अखेर कोणाला होतो, हे यावरून दिसून येईल.

गोव्यासारख्या प्रदेशात हा विचार विशेष आवश्यक आहे. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. साळावलीचे धरण असो की खांडेपार नदीवरील ओपा येथील पाणीप्रकल्प असो, तेथे शुद्ध केलेले पाणीच शौचकूपाच्या टाकीतही येते. पिण्यासाठी एक नळ आणि संडासासाठी दुसरा, अशी व्यवस्था घरोघर नाही. म्हणून टाकीतून वाया जाणारे पाणी हे पिण्याचेच पाणी होय.

दोन बटणांची कल्पना

ही कल्पना ऑस्ट्रेलियात प्रत्यक्षात आली. तो देशही पाण्याच्या टंचाईचा. तेथील कॅरोमा या कंपनीत काम करणारे ब्रूस थॉम्प्सन यांनी १९८० मध्ये दोन बटणांची टाकी तयार केली. तिचा पूर्ण फ्लश ११ लिटरांचा व अर्धा साडेपाच लिटरांचा होता. पुढे १९९० च्या दशकात हे प्रमाण ६ आणि ३ लिटरांवर आले. मात्र पाणी कमी करताना भांड्याचा आकारही बदलावा लागला. थोडे पाणी वेगाने व सर्व बाजूंनी उतरावे, अशी भांड्याची घडण करावी लागली. टाकी आणि भांडे ही जोडी आहे, हा त्यातला धडा.

हाच धडा खेड्यांतील साध्या शौचालयानेही दिला आहे. ग्रामीण शौचालयाचे भांडे तीव्र उताराचे असते. त्याखालील सापळ्यातील पाण्याचा बंध केवळ २० मिलिमीटरांचा असतो. म्हणून तेथे दीड ते दोन लिटर पाणी हाताने ओतले तरी काम भागते. पाण्याचे प्रमाण ही एकच गोष्ट महत्त्वाची नव्हे. ते कोणत्या भांड्यात, किती वेगाने आणि कोणत्या वाटेने पडते, यावर सारे अवलंबून असते.

टाकीच्या पोटात काय असते

टाकीचे झाकण काढल्यावर आत दोन यंत्रे दिसतात. एक पाणी आत घेणारे, दुसरे पाणी बाहेर सोडणारे. पाणी आत घेणाऱ्या यंत्राला एक तरंगता गोळा किंवा डबी असते. तिला फ्लोट म्हणतात. पाणी ठराविक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि नळ बंद होतो.

दुसरे यंत्र टाकीच्या मध्यभागी उभे असते. ती एक नळीवजा झडप असून तिच्या तळाशी रबराचा वायसर असतो. बटण दाबले की त्याखालची दांडी झडपेला तिच्या बैठकीवरून उचलते व पाणी भांड्यात धावू लागते. बटणावरून बोट काढले तरी झडप लगेच पडत नाही, कारण तिलाही फ्लोट असतो व पाणी तिला वर धरून ठेवते. पाणी खाली गेले की ती आपल्या वजनाने बैठकीवर बसते. हा झाला पूर्ण फ्लश. अर्धे बटण दाबले असता वरच्या बाजूस बसविलेला दुसरा, लहान फ्लोट कारभार हाती घेतो. पाणी त्याच्या पातळीखाली येताच तो झडपेला खाली दाबतो आणि निम्मे पाणी टाकीतच राहते.

एवढे समजले की पुढील गोष्ट आपोआप कळते. अर्धा फ्लश हा टाकीतील वरच्या थराचे पाणी वापरतो. त्यामुळे टाकी काठोकाठ भरली नाही, तर पहिला मार त्यालाच बसतो.

एक उदाहरण

फोंडा तालुक्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. घरात एरवी चार-पाच माणसे. चतुर्थीला मुंबईची मंडळी आली म्हणजे पंधरा-वीस. सणाच्या आधी नवी टाकी बसविलेली. पहिल्याच दिवशी घरातील वृद्ध आजी कारागिराला बोलावून घेतात.

"अरे बाबा, पूर्वी साखळी ओढली की ओढा आल्यासारखे पाणी यायचे. हे तुझे धाकटे बटण नुसते रडते."

कारागीर झाकण काढून आत पाहतो व म्हणतो, "आजी, बटण रडत नाही. टाकी अर्धपोटी आहे, म्हणून ते रडते असे वाटते."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. समजा, टाकी अशी आहे की तिच्यातील १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्यात ३ लिटर मावतात. पातळी जेथे हवी तेथून ३ सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे ९०० मिलिलिटर पाणी कमी पडले. पूर्ण फ्लश ६ लिटरांऐवजी ५.१ लिटरांचा झाला. हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण अर्धा फ्लश ३ लिटरांऐवजी केवळ २.१ लिटरांचा झाला, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. उणीव एकच, पण मोठ्याने ती पचविली आणि धाकट्याला ती बाधली. कारागिराने आत पाणी घेणाऱ्या फ्लोटचा स्क्रू काही फेरे फिरविला, पातळी वर आली आणि आजींची तक्रार मिटली. एक पैशाचाही सुटा भाग लागला नाही.

दोष शोधण्याचा क्रम

सगळीच दुखणी इतकी सोपी नसतात. पण दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असावा. नाही तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते. टाकी चांगली असून नवी आणली जाते किंवा सेप्टिक टाकी भरलेली असताना बटण बदलले जाते.

पहिली परीक्षा बादलीची. सुमारे ६ लिटर पाणी बादलीत घ्यावे व ते एकदम, एका धारेत भांड्यात ओतावे. पाणी जोराने निघून गेले, तर भांडे, सापळा व पुढील नळ मोकळे आहेत. दोष टाकीत किंवा टाकीतून भांड्यात उतरणाऱ्या वाटेत आहे. पाणी आधी भांड्यात वर चढले व मग सावकाश उतरले, तर दोष पुढे आहे. सापळ्यात काही अडकले असेल, हवानळी बंद झाली असेल किंवा सेप्टिक टाकी भरली असेल. भर पावसाळ्यात जमीन पाण्याने तुडुंब झाली की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. त्या वेळीही असेच घडते. अशा वेळी बटणाला दोष देऊ नये.

दुसरी परीक्षा पातळीची. पुष्कळ टाक्यांत आतल्या बाजूस पाण्याची रेघ आखलेली असते. ती नसेल, तर जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या उभ्या नळीच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच, खाली पाणी थांबावे. त्यापेक्षा खाली थांबत असेल, तर फ्लोट वर घ्यावा. प्लास्टिकच्या यंत्रात त्यासाठी स्क्रू किंवा चिमटा असतो. जुन्या पितळी दांडीच्या यंत्रात दांडी हलकेच वर वाकवावी लागते. पातळी फार वर घेऊ नये. पाणी त्या नळीत शिरले की दिवसरात्र वाहत राहते व ते कोणाला दिसतही नाही.

तिसरी परीक्षा वेळेची. फ्लश केल्यापासून टाकी पुन्हा भरेपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून पाहावे. मिनिटाला २ लिटर पाणी येत असेल, तर ६ लिटरांना ३ मिनिटे लागतात. सकाळच्या गर्दीत दुसरा माणूस मिनिटभरातच बटण दाबतो आणि बटण नादुरुस्त ठरते. भरण्यास फार वेळ लागत असेल, तर टाकीखालचा लहान कॉक पूर्ण उघडा आहे की नाही ते पाहावे. मग कॉक बंद करून यंत्राच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवावी. पहिल्या पावसानंतर किंवा जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर या जाळीत हमखास गाळ अडकलेला सापडतो.

चौथी परीक्षा दांडीची. बटणाखालच्या दोन दांड्या स्क्रूप्रमाणे फिरवून लांब वा आखूड करता येतात. लहान बटणाची दांडी आखूड पडली, तर झडप पुरती उचललीच जात नाही. जराशी उघडते आणि लगेच मिटते. मग पाणी पाझरते, धावत नाही. अशी दांडी थोडी लांब करावी. पण अति लांब करू नये. बटण मोकळे असताना दांडी झडपेच्या यंत्राला टेकता टेकता राहिली पाहिजे. ती सतत टेकून राहिली, तर झडप किंचित उचललेली राहते व पाणी गळू लागते. काही टाक्यांत दांडीऐवजी तार असते. ती सैल पडली असेल, तर ताणून घ्यावी.

पाचवी परीक्षा लहान फ्लोटची. मधल्या झडपेच्या अंगावर हा फ्लोट वर-खाली सरकविता येतो. तेथे खाचा किंवा आकडे असतात. बहुतेक यंत्रांत फ्लोट खाली सरकविला की झडप अधिक वेळ उघडी राहते आणि पाणी जास्त जाते. वर सरकविला की कमी जाते. काही यंत्रांत फ्लोटऐवजी लहान खिडकी किंवा सरकते झाकण असते व त्याची दिशा वेगळी असू शकते. म्हणून एका वेळी एकच खाच सरकवावी आणि परिणाम मोजून पाहावा. मूळची खाच पेन्सिलीने खुणावून ठेवली, तर चूक झाल्यास मागे जाता येते.

सहावी परीक्षा वायसरची. टाकीत शाईचे काही थेंब टाकावेत व अर्धा तास कोणीही बटण दाबू नये. भांड्यातील पाण्याला रंग आला, तर झडप गळते आहे. कॉक बंद करून झडप काढावी. बहुतेक नमुन्यांत ती थोडी फिरवली की सुटते. वायसरवर वाळूचा कण असेल, तर तो धुवून काढावा. वायसर कडक झाला असेल, तर त्याच मापाचा नवा बसवावा. ही गळती लहान समजू नये. दहा मिनिटांत एक लिटर एवढीच गळती असली, तरी दिवसाचे १४४ लिटर होतात. पाच माणसांच्या घराचा दिवसभराचा फ्लशचा खर्च ९० लिटर, हे आधी पाहिलेच आहे. शिवाय नळाचे पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर गळक्या टाकीची पातळी मधल्या काळात उतरते आणि अर्धा फ्लश पुन्हा दुबळा होतो.

सातवी परीक्षा भांड्याच्या काठाची. कमोडच्या काठाखाली बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी चहूबाजूंनी उतरते. विंधनविहिरीचे जड पाणी असेल तेथे छिद्रांत चुन्याचा थर बसतो. जांभ्या दगडाच्या भागातील विहिरीच्या पाण्यात लोहाचा अंश असला की तांबूस साका बसतो. छिद्रे बुजली की टाकीतून पुरेसे पाणी येऊनही भांड्यात जोर राहत नाही. काठाखाली हजामतीचा लहान आरसा धरला की छिद्रे दिसतात. रात्री लिंबूफुलाच्या दाट द्रावणात किंवा शिरक्यात भिजविलेल्या चिंध्या तेथे दाबून ठेवाव्यात. सकाळी हातमोजे घालून ब्रशाने घासावे व छिद्रे नारळाच्या झावळीच्या हिराने मोकळी करावीत. हीर चिनी मातीला चरा पाडत नाही.

मोजून पाहण्याची रीत

अर्धा फ्लश किती लिटरांचा आहे, हे अंदाजाने ठरवू नये. टाकी भरल्यावर कॉक बंद करावा व पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ ओढावी. मग लहान बटण दाबावे. आता एक लिटरच्या बाटलीने टाकीत पाणी ओतावे, रेघेपर्यंत येईतो. जितक्या बाटल्या ओतल्या, तितक्या लिटरांचा फ्लश. ही रीत शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही करू शकतो.

तेवढे पाणी पुरेसे आहे की नाही, हे पाहण्यासाठी भांड्यातील पाण्यात शाईचे दोन-चार थेंब टाकावेत व लहान बटण दाबावे. भांड्यात उरलेले पाणी स्वच्छ दिसले, तर बटण आपले काम करीत आहे. रंग रेंगाळला, तर फ्लोट आणखी एक खाच सरकवावा. ३ लिटरांत काम होत नसेल आणि साडेतीन लिटरांत होत असेल, तर साडेतीनच ठेवावेत. कारण एकदा दाबलेले साडेतीन लिटर हे दोनदा दाबलेल्या सहा लिटरांपेक्षा केव्हाही कमीच होत.

काही ठिकाणी सर्व उपाय करूनही यश येत नाही. बहुधा तेथे जुन्या, १० लिटर पाणी लागणाऱ्या भांड्यावर नवी ६ लिटरची टाकी बसविलेली असते. जोडी विजोड आहे. अशा वेळी फ्लोट शक्य तितका खाली आणून चालवून घ्यावे आणि पुढे भांडे बदलण्याची वेळ येईल, तेव्हा टाकीला साजेसे भांडे घ्यावे. शाळा व कार्यालये यांच्यासाठी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. टाकी एका खरेदीत व भांडे दुसऱ्या खरेदीत असे झाले की ही विजोड हमखास पडते.

टाळावयाच्या गोष्टी

पाणी वाचविण्यासाठी टाकीत वीट ठेवण्याची प्रथा पुष्कळ घरांत आहे. एका बटणाच्या जुन्या, मोठ्या टाकीत तिचा काही उपयोग होत असेल. पण दोन बटणांच्या टाकीत वीट ठेवल्याने अर्धा फ्लश अधिकच दुबळा होतो आणि विटेचा चुरा वायसरखाली जाऊन गळती सुरू होते. अशी वीट असेल, तर आधी ती काढावी.

आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही कधीही एकत्र वापरू नयेत. विहिरीत टाकावयाची टी.सी.एल. पावडर पुष्कळ घरांत असते. ती आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निर्माण होतो व लहानशा बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

बादलीच्या परीक्षेत दोष सेप्टिक टाकीचा आहे असे आढळले, तर कोणीही त्या टाकीत उतरू नये व कोणाला उतरवू नये. आतील वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि त्याला वाचवावयास उतरलेलाही दगावतो. संरक्षणाची साधने न देता माणसाकडून अशी धोकादायक सफाई करवून घेणे हा २०१३ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. यंत्राने उपसा करणारी गाडीच बोलवावी.

कोणी काय करावे

या कामात प्रत्येकाचा वाटा आहे. घरातील माणसांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा, टाकीचे झाकण उघडून पातळी पाहावी व शाईची परीक्षा घ्यावी. घरी येणाऱ्या पाहुण्यांना व मुलांना कोणते बटण कशासाठी, हे संकोच न बाळगता सांगावे. कित्येक घरांत अर्ध्या बटणाचा दोष एवढाच असतो की, जे काम त्याचे नाही ते त्याच्याकडून करून घेतले जाते.

शिक्षकांनी बाटलीने मोजण्याची रीत गणिताच्या तासाला वर्गातून करून घ्यावी. लिटर, मिलिलिटर, सरासरी आणि शेकडेवारी यांचे याहून जिवंत उदाहरण सापडणे कठीण. मुलांनी आपल्या शाळेच्या टाक्या मोजून त्याचा तक्ता भिंतीवर लावला, तर कोणते बटण कधी बिघडले ते सर्वांना दिसेल. घरी गेल्यावर तीच मुले आपल्या घरची टाकीही मोजतील.

पंचायतींनी व कार्यालयांनी एक साधी गोष्ट करावी. नव्या शौचकूपाचे काम ताब्यात घेताना दोन्ही बटणे दाबून, पाणी मोजून, मगच कामाच्या दाखल्यावर सही करावी. बांधकामाची लांबी-रुंदी मोजली जाते, फरशीचा दर तपासला जातो. ज्या बटणावर रोजचे पाणी अवलंबून आहे, ते मात्र कोणी दाबूनही पाहत नाही. टाकीबरोबर आलेला खुलासेपत्रकाचा कागद कचऱ्यात न टाकता फायलीत ठेवावा, म्हणजे पुढे वायसर घेताना माप व नमुना शोधावा लागणार नाही.

पाणी वाचविण्याची भाषणे पुष्कळ होतात आणि भिंतींवर घोषणाही रंगविल्या जातात. परंतु घोषणा वाचून माणूस संडासात गेला आणि तेथील लहान बटणाने दगा दिला, तर त्याचा हात मोठ्या बटणाकडेच जाणार. त्यात त्याचा अपराध नाही. चांगली सवय टिकावयाची असेल, तर तिला साथ देणारे साधनही धड असले पाहिजे. ज्यांच्या घरी किंवा शाळेत अशी टाकी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर झाकण उचलून पाण्याची पातळी पाहावी. बहुतेकांना पेचकसाचे दोन-चार फेरेच पुरतील, आणि त्या फेऱ्यांनी वाचलेले पाणी मे महिन्यात घरातल्याच हंड्यात दिसेल.